घरटी एक बाई

रेशनच्या दुकानातला माणूस काउंटरवरून ओणवा झाला आणि म्हणाला, "काय भिंगरीबाई, आज आई नाही आली?" आणि भिंगरी, आईचं बोट घट्ट धरून उभी असलेली चार वर्षांची मुलगी, अगदी सहज म्हणाली, "ती घरी आहे. तिचा गुडघा दुखतोय." झालं ते एवढंच. दुकानदारानं साखर तोलली, पुडीला दोरा गुंडाळला, आणि मग त्या बोट धरलेल्या बाईकडे बघून त्याला काहीतरी वाटलं असावं, कारण त्यानं थट्टेच्या सुरात पोरीलाच विचारलं, "मग या कोण?" भिंगरीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. विचार करून उत्तर द्यावं असाच तिला तो प्रश्न वाटला. "ही कारखान्यात जाते," ती म्हणाली. मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. भिंगरीची आईही हसली, आणि पुडी पिशवीत टाकताना तिच्या लक्षात आलं की आपण दुकानदाराला अजून काहीच सांगितलेलं नाही. आता सांगायचं म्हणजे रांग अडवून, सगळ्यांसमोर, मी हिची आई आहे हो, असं सांगायचं. ज्या आईला ते तोंडानं सांगावं लागतं तिची शोभा ती काय राहते? ती दुकानाच्या पायऱ्या उतरली.

गुडघा वन्सांचा दुखत होता. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न न केलेली, चाळिशीची, पाठ ताठ ठेवून बसणारी बाई. लढाई सुरू झाली, नवरा आघाडीवर गेला, त्यानंतर महिनाभरात वन्सांचं हातमोज्यांचं दुकान बंद झालं, कारण कातडं सगळं बुटांना लागायला लागलं आणि हातमोजे म्हणजे चैन असं ठरलं. मग त्या आपली ट्रंक घेऊन भावाच्या घरी राहायला आल्या. आल्या त्या पाहुण्यासारख्या, कोपऱ्यातल्या खुर्चीच्या कडेवर बसणाऱ्या, दूध तापवायच्या आधीसुद्धा "तापवू ना गं?" म्हणून विचारणाऱ्या. आणि आता दुकानदार त्यांना आई म्हणत होता. भटाला दिली ओसरी म्हणतात ते काही खोटं नाही, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली, पण विचार गेला नाही. रस्त्यावर ऊन होतं. बागेचं कुंपण तोफांच्या लोखंडासाठी नुकतंच कापून नेलं होतं. लोखंडी गज जिथे होते तिथे दगडात नुसती भोकं राहिली होती आणि मुलं बागेतून सरळ रस्त्यावर धावत होती. दिव्यांचे खांब तेवढे राहिले होते, त्यांच्यावर प्रत्येक ठिकाणी एकच कागद: घरटी एक बाई कारखान्यात, घरटी एक बाई घरात. चित्रात दोघी एकमेकींचा हात धरून हसत होत्या. भिंगरी एका पायावर उड्या मारत चालली होती. "भिंगरे," ती म्हणाली, "मी कोण गं तुझी?" "आई." पोरगी उडी न चुकवता म्हणाली. "आणि आत्या?" "आत्या." "मग त्या काकांना का नाही सांगितलंस?" भिंगरी थांबली. मोठ्या माणसांना एवढंसुद्धा कळू नये याचं तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं. "त्या काकांना तसंच माहिती आहे ना," ती म्हणाली आणि परत उड्या मारायला लागली.

तसंच माहिती आहे. म्हणजे कुणीतरी ते तसं माहीत होऊ दिलं. रोज सकाळी वन्सं भिंगरीला घेऊन त्या दुकानात जातात, तो माणूस एके दिवशी म्हणाला असेल, तुमची मुलगी मोठी गोड आहे हो, आणि वन्सांनी... नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी हिची आत्या, हिची आई कारखान्यात असते, एवढं बोलायला साखर तोलून होईपर्यंतचा वेळ पुरतो. पण वन्सं बोलल्या नसतील. मान किंचित वाकडी करून हसल्या असतील, दुकानात गिऱ्हाइकांपुढे हसत तशा. तिला ते हसू इतकं स्पष्ट दिसलं की जणू ती तिथे उभी होती. घरी आल्यावर तिनं साखर डब्यात ओतली. वन्सं खिडकीजवळ गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधून बसल्या होत्या, "मिळाली का गं? रांग फार होती?" त्यांनी विचारलं. "होती," ती म्हणाली. भिंगरी धावत गेली आणि न दुखणाऱ्या गुडघ्यावर बसली. कुठला गुडघा दुखतो ते तिला बरोबर ठाऊक होतं.

खरं म्हणजे निवड तिनंच केली होती. शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली होती, मुलांच्या बाकांवर बायका गुडघे वर करून बसल्या होत्या, आणि अधिकारी एकेका घराला पुढे बोलवत होता. ज्या घरात दोन धडधाकट बायका त्यातली एक कारखान्यात आणि दुसरी घरात, असा कायदा. "दोघींपैकी कोण?" त्यानं मान वर न करता विचारलं. वन्सांनी पर्सची कडी दोन्ही हातांनी धरली होती आणि ती कडी बारीक वाजत होती. न्यायानं पाहिलं तर वन्सांनीच जायला हवं होतं. मूल हिचं, मोकळ्या त्या. पण स्फोटकांचा कारखाना म्हटल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मी जाते," ती म्हणाली, आणि सगळी खोली तिच्याकडे वळून बघायला लागली. पुढे शेजारपाजारच्यांनी तिची वाखाणणी केली, नवऱ्यानं पत्रात लिहिलं की मला तुझा अभिमान वाटतो, आणि तिनं ती वाखाणणी गुमान घेतली. कुणालाच तिनं सांगितलं नाही की तिला जायचंच होतं. त्या दोन खोल्या, ती धुणीभांडी, पोरीचे न संपणारे का आणि कशाला, दुपारी तीन वाजता येऊन बसणारा तो कंटाळा. त्यातून कुणी सरकारी हुकमानं सोडवत असेल तर सोन्याहून पिवळं. ती गेली तेव्हा भिंगरी रडली होती. ट्रामच्या थांब्यापर्यंत तिचं रडणं तिच्या कानात होतं, आणि ट्राम सुटल्यावर, हे तिला आता आठवतं, तिला हलकं वाटलं होतं.

कारखाना पूर्वी तोंडाला लावायच्या पावडरचा होता. गुलाबाचं चित्र असलेल्या डब्या भरणारी यंत्रं होती, तीच थोडी बदलून आता तोफगोळ्यांच्या टोप्या भरायला घेतली होती. "पावडर ती पावडर," मुकादमबाई नव्या बायकांना सांगायची, "आधी गालाला लावायची, आता लावायची जागा तेवढी बदलली." जमिनीच्या फळ्यांच्या फटीतून जुना गुलाबाचा वास अजून वर यायचा, ऊन पडलं की जास्त. आत जाताना अंगठ्या, केसांचे आकडे, बटणं, लोखंडाचा कणसुद्धा काढून ठेवायचा, दाबलेल्या लोकरीचे, नमद्याचे जोडे घालायचे, केस फडक्यात बांधायचे. तिचं काम म्हणजे तांब्याच्या इवल्या पळीनं टोपीत पावडर भरायची आणि लाकडी दट्ट्यानं ती हलकेच बसवायची. कमी बसली तर गोळा फुटत नाही, जास्त दाबली तर इथेच फुटतो. तिला ते जमलं. का जमलं कोण जाणे, पण पहिल्या आठवड्यातच मुकादमबाईनं तिचं नाव नाजूक पाडलं आणि सगळी शेड तिला नाजूक म्हणायला लागली. आयुष्यात आतापर्यंत कुणी तिला कशासाठी नाव दिलं नव्हतं. पावडरीनं बोटं पिवळी झाली, मग मनगटं, मग केसांची कपाळाजवळची रेघ. "चला, दुसऱ्यांदा हात पिवळे झाले," कुणीतरी म्हणायचं, आणि मुकादमबाई म्हणायची, "पहिल्यांदा झाले तेव्हा नवरा मिळाला. आता तोच परत मिळाला तरी पुष्कळ." तोंडाची चव गेली ती गेलीच. उपाहारगृहातलं सूप, पाव, चहा, सगळं एकाच चवीचं लागायचं. स्वयंपाक्याचं नशीब, त्याला कुणी नावं ठेवत नसे. हे गोळे कुठे पडतात, कुणावर पडतात, याचा विचार एकदाच तिच्या मनात आला होता. पलीकडे अशीच एक शेड असेल, तिथे अशीच एक बाई, तिलाही कुणी काहीतरी नाव पाडलं असेल. त्या बाईचं मूल कुणाकडे असतं, एवढा एकच प्रश्न तिला पडला, आणि मग भोंगा झाला.

तोपर्यंत घरी उलटंपालटं व्हायला सुरुवात झाली होती. आधी वेण्या. सुट्टीच्या दिवशी ती फणी घेऊन बसली की भिंगरी मान आखडून घ्यायची. मग झोप. मग जेवण, आणि जेवणाचं तिला सगळ्यात लागलं. संध्याकाळी ती उपाहारगृहातून आपल्या वाटणीची सफरचंदाची फोड रुमालात बांधून आणायची. दिवसभर उपाशी राहावं लागलं तरी चालेल पण फोड घरी न्यायची. दारातच चपला न काढता भिंगरीसमोर बसायची, फोडीचा तुकडा दोन बोटांत धरून "आ कर" म्हणायची. पहिल्या पहिल्यांदा भिंगरीनं आ केला. एकदा चावलं, चेहरा कसनुसा केला आणि तुकडा बाहेर काढला. पुढे तोंडच उघडेना. "नको. आत्याच्या हातचं." तीच फोड वन्सांनी घेतली, नळाखाली धरली, बारीक चिरली, आणि पोरगी मटामटा खायला लागली. वन्सांचे हात बघण्यासारखे होते. वीस वर्षं त्यांनी बायकांचे हात काउंटरवरच्या छोट्या गादीवर ठेवून घेऊन त्यांवर मोजे चढवले होते. गिऱ्हाईक दारातून आत आलं की नुसत्या नजरेनं त्या माप सांगायच्या. गोरी लांब बोटं, कापलेली नखं, झोपताना चोळायची ग्लिसरिनची बाटली. त्या हातांपुढे तिचे पिवळे, भेगाळलेले हात. कुठलंही मूल कुठले हात निवडील? ती स्वतःला समजवायची: बाई, अगं लहान आहे ती. पण समजवणारी एक आणि ऐकणारी दुसरी, आणि ऐकणारी ऐकत नव्हती.

ती कधी कुणावर जळली नव्हती. लहानपणी बहिणीला नवा झगा आला तर ती स्वतः त्याची बटणं लावून द्यायची. लग्नानंतर नवऱ्याच्या जुन्या ओळखीच्या एका बाईवरून मैत्रिणींनी तिला छेडलं तेव्हाही तिच्या पोटात काही हललं नव्हतं. जळणं म्हणजे काहीतरी मोठं, धूर निघणारं असेल अशी तिची कल्पना होती. तसं नव्हतं ते. ते बारीक होतं आणि घरभर होतं. वन्सांनी भिंगरीचा मोजा उन्हात वाळत घातलेला दिसला की ते व्हायचं. दोघींच्या काहीतरी खाणाखुणा असायच्या, "तो" म्हटलं की दोघींना कळायचं आणि हसू यायचं. तो कोण म्हणून विचारलं तर गल्लीतला लंगडा बोका निघायचा. तो बोका तिला माहीत नव्हता. आपल्या गल्लीतल्या बोक्याची तिला ओळख करून द्यावी लागली. नवऱ्याचं पत्र आलं, त्यात शेवटी होतं, ताई आहे म्हणून मी निर्धास्त आहे. ती ओळ तिच्या डोळ्यांत सलत राहिली. गोळ्यांच्या टोप्या मी भरते आणि निर्धास्त हा ताईमुळे. तिनं ते पत्र वन्सांना वाचून दाखवताना ती ओळ गाळली. आणि वन्सं चांगल्या होत्या, हेच वाईट होतं. त्या कधी उणं बोलल्या नाहीत, तिच्यासाठी सूप झाकून ठेवायच्या, तिचे पाय सुजले तर गरम पाणी ठेवायच्या. दुष्ट बाईवर निदान जळता तरी येतं मोकळेपणानं.

रेशनच्या दुकानातल्या त्या गोष्टीनंतरच्या सुट्टीला, भाजी आणायला म्हणून ती बाहेर पडली आणि भरतीच्या कचेरीत गेली. आता तिथे दुसरा अधिकारी होता, आघाडीवरून परत आलेला, डाव्या बाहीत हात नसलेला तरुण मुलगा. बाही त्यानं नीट दुमडून टाचणीनं खांद्याशी लावली होती. ट्रामभर तिनं ठरवलं होतं की सरळ सांगायचं: माझी मुलगी माझी राहिली नाही, मला घरी जाऊ द्या. पण त्या दुमडलेल्या बाहीसमोर बसल्यावर हे वाक्य तोंडातून कसं काढायचं? लाखांचे पोशिंदे तिकडे मरतायत आणि बाईला काय दुःख, तर पोरगी हातचं खात नाही. "बदली हवी असेल तर सबळ कारण लागतं," तो म्हणाला, थकलेल्या आवाजात, तिरस्कारानं नव्हे. आणि तिच्या तोंडून निघालं, "नणंदेचं मुलीकडे लक्ष नसतं. मुलगी बागेतून रस्त्यावर पळते. कुंपण नाही ना आता." तिला स्वतःलाच आपला आवाज पटण्यासारखा वाटला. त्यानं मान हलवली. "परवाच एक मूल गेलं तिथे, लष्करी मोटारीखाली," तो म्हणाला आणि लिहायला लागला. वन्सं बागेच्या कडेनं चालताना भिंगरीला नेहमी आतल्या बाजूला घेतात, रस्ता ओलांडताना तिला कडेवर उचलतात, गुडघा त्यामुळेच दुखतो, हे सगळं तिला माहीत होतं. तो लिहीत होता तोवर थांबवायला पुष्कळ वेळ होता. ती त्याच्या टाचणीकडे बघत बसली. मग उठून भाजी घेऊन घरी गेली.

हुकूम वन्सांच्या नावानं आला. वन्सांनी तो वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला. "पाळी बदलतात म्हणे," ती म्हणाली, स्टोव्हकडे तोंड करून. "असेल," वन्सं म्हणाल्या. त्यांनी आकांत केला नाही, रडल्याही नाहीत. दोन दिवस त्या घरात फिरत राहिल्या आणि फिरता फिरता तिला शिकवत राहिल्या. "उजवी वेणी आधी घाल. डावी आधी घातलीस तर ती रडते, का ते मला अजून कळलेलं नाही." "दूध फार गरम नको, पण थंडही नको." "झोपताना तिला पाठीवर अक्षरं काढून हवी असतात. ओळखते की नाही कोण जाणे, पण ओळखल्यासारखं करते." ती हूं हूं करत ऐकत होती आणि तिच्या अंगाची आग होत होती. माझ्या पोटची पोर, आणि मला तिची वापरायची रीत सांगतायत. पण एकही शब्द ती विसरली नाही, तेही खरं. निघायच्या दिवशी सकाळी वन्सांनी ग्लिसरिनची बाटली कपाटात आतल्या बाजूला ठेवली. दारात त्या म्हणाल्या, "मला भीती वाटते गं त्या पावडरची." तिनं सांगितलं, "हात हलका ठेवायचा. भिऊन दाबलं की बिघडतं." हे तिनं मनापासून सांगितलं. मग दार लावलं आणि मागे वळून पाहिलं तर खोलीत ती आणि भिंगरी दोघीच होत्या, आणि हेच तर तिला हवं होतं.

भिंगरी शहाण्यासारखी वागली. तिनं हट्ट केला असता, पाय आपटले असते, तर काहीतरी करता आलं असतं. तिनं उजवी वेणी आधी घालून घेतली. दूध पिऊन कप नळाशी नेऊन ठेवला. पाहुण्यांच्या घरी मुलं वागतात तशी ती दिवसभर वागायची, आणि दिवस कलला की खुर्ची ओढून खिडकीशी बसायची. "काय बघतेस?" "ट्राम." ट्रामच बघत होती ती. जेवायला ती स्वतःच्या हातानं जेवायची, चमच्यानं, न सांडता. "भरवू?" म्हटलं की, "मला येतं." रेशनच्या दुकानात भिंगरीला घेऊन ती आता रोज जायला लागली, पहिल्याच दिवशी तिनं त्या माणसाला खणखणीत सांगितलं, मी हिची आई. तो म्हणाला, "असं होय," आणि विचारलं, "मग त्या बाई कुठे दिसत नाहीत?" "त्या कारखान्यात जातात," ती म्हणाली. भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं. दुपारी तीन वाजता तोच जुना कंटाळा आला, खुर्चीवर बसला. तिला शेड आठवली, फळ्यांमधला गुलाब आठवला, आणि तिथे आता आपल्या जागेवर वन्सं बसत असतील, तांब्याची पळी त्या लांब बोटांत असेल. त्यांना ते जमत असेल. जमणारच, हातांचंच काम आहे. मुकादमबाईनं त्यांनाही एखादं नाव पाडलं असेल. इतकं करून पुन्हा जळायला तीच होती. फक्त जळायची जागा बदलली होती.

वन्सांची बोटं पिवळी झाली, मग मनगटं. त्या घरी यायच्या त्या कोटाच्या खिशात हात घालून, आणि भिंगरी धावत येऊन गुडघ्यांना मिठी मारायची तेव्हाही हात खिशातच ठेवायच्या. वाकून नुसतं नाक तिच्या केसांत खुपसायच्या. ती बघायची. मी असं कधी केलं नाही, मी आल्या आल्या तिला दोन्ही हातांनी उचलायची, मग वन्सांना एवढा आखडता हात घ्यायला काय झालं? एका संध्याकाळी तिघी टेबलाशी बसल्या होत्या. पाव होता, दूध होतं. भिंगरीनं चमचा खाली ठेवला आणि वन्सांकडे सरकून म्हणाली, "भरव."

"आईकडून घे," वन्सं म्हणाल्या.

"तू."

"माझ्या हातचं नको राणी. कडू लागेल."

"कडू?" भिंगरीच्या आईनं विचारलं.

वन्सं तिच्याकडे बघेनात. "पावडर बसते ना हाताला. धुतली तरी जात नाही. आपल्याला नाही कळत, आपलं तोंडच तसं होऊन जातं. मी आज सूप प्याले की पाणी ते मला कळलं नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"हिनं सांगितलं होतं. तू कामाला लागलीस त्यानंतर लगेच. आईच्या हातचं कडू लागतं म्हणाली. मी एकदा तू आणलेली फोड चाखून पाहिली. होती कडू. फार कडू होती."

स्टोव्ह फरफरत होता. तिला वाटलं आपण ओरडू, पण आवाज अगदी साधा निघाला. "आणि मला नाही सांगितलंत."

"नाही." वन्सांनी खिशातले हात आणखी खोल घातले. "चमच्यानं भरव, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. रोज ओठांवर यायचं. मग तू घास पुढे करायचीस आणि ही माझ्याकडे वळायची. तुला नवरा होता, कारखाना होता, तिथे तुला सगळे नावाजत होते. माझ्याकडे तेवढंच होतं. मला ते सोडवलं नाही." मग त्या थांबल्या आणि तशाच सुरात म्हणाल्या, "कचेरीत तू काय सांगितलंस ते मला माहीत आहे. माझं लक्ष नसतं म्हणून. हुकूम घेऊन गेले तेव्हा त्या मुलानं मला वाचून दाखवलं."

फिट्टंफाट झाली, तिला वाटलं. शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही थोडी, पण तिच्याखालून दुसरंच काहीतरी उसळून वर येत होतं आणि ते आनंदासारखं होतं. पावडर होती. मी नव्हते. फिरवलेली मान, मिटलेलं तोंड, बाहेर काढलेला तो तुकडा, सगळं पावडरीमुळे; माझ्या हातांत वाईट काही नव्हतं, माझ्यात काही नव्हतं, कुठल्याही हाताचं हेच झालं असतं. गोऱ्या लांब बोटांचंही. ते एकदा डोळ्यांनी बघायला मिळावं असं तिला इतकं तीव्रपणे वाटलं की तिनं भिंगरीची वाटी उचलून वन्सांसमोर ठेवली.

"भरवा की," ती म्हणाली. "मागतेय ना ती."

"अगं, कडू लागेल तिला."

"लागू दे. एक घास."

वन्सांनी तिच्याकडे पाहिलं. तिला काय बघायचंय ते त्यांना कळलं होतं, आणि आपल्याला ते चुकवता येणार नाही हेही कळलं असावं. त्यांनी हात बाहेर काढले. मनगटापर्यंत पिवळे, नखांच्या कडांना गडद. त्यांनी पावाचा तुकडा मोडला, दुधात बुडवला, निथळू दिला, आणि भिंगरीच्या तोंडाशी नेला. भिंगरीची आई पुढे सरकली. तिनं आपला तळवा पोरीच्या हनुवटीखाली धरला, तुकडा बाहेर येईल तो झेलायला. मग ती चमचा घेणार होती, स्वतः भरवणार होती, वन्सांना सगळं माफ करणार होती, उद्यापासून तिघींचं हसूनखेळून चालणार होतं. भिंगरीनं घास घेतला. एकदा चावला आणि तिचा चेहरा आक्रसला, डोळे मिटले गेले, खांदे कानांपर्यंत वर आले. ती थांबली. मग तिनं परत चावलं, हळूहळू, आणि मान पुढे काढून, जोर लावून तो घास गिळला. अंगावर एक शहारा आला तो जाऊ दिला. आणि डोळे उघडून, वन्सांकडे बघत, तिनं पुन्हा आ केला.